सरळ रांगेचा भाला

सार्जंट हाफनरनं आपला कुऱ्हाडभाला आडवा धरला, दांडा पुढच्या चौघांच्या छातीला टेकवला आणि रेटला. सुटलेली पोटं आत गेली. मग पुढचे चौघे, मग त्यापुढचे. दांड्याला सगळे चिकटले की रांग सरळ, असा पलटणीचा नियम. नुसत्या डोळ्यानं रांग लावायची नाही. डोळे काय, कुणालाही असतात. भाला फक्त सार्जंटकडं असतो.

"अहो," मैदानाच्या भिंतीवर कोपरं टेकून त्याची बायको उर्सुला म्हणाली, "ही रांग आहे का परकराची झालर?"

हाफनर मागं सरकत गेला. खरंच की. दर चौघांमागं एक गोंडस कमान. त्यानं दांडा उलटा करून पुन्हा रेटला. झालर उलटी झाली. आता त्याला नवलच वाटायला लागलं. त्यानं भाला फरशीवर ठेवला. दांड्याखालून मांजर आरामात गेलं असतं.

"अगं, हा वाकला कसा?"

"हिवाळाभर दोन खिडक्यांच्या मधे आडवा होता. ओल्या चादरी काय हलक्या असतात?"

"माझ्या भाल्यावर धुणं?"

"मग तुमच्या मिशांवर घालू? तुमचं तरी बरं. कॅप्टनसाहेबांच्या सदऱ्यांना सार्जंटचा भाला चालत नाही म्हणे. त्यांची सोय वेगळी करावी लागली."

हाफनरला हसू आलं नाही. आज जनरलसाहेबांची तपासणी होती. रांग वाकडी निघाली की भाला जाणार, मग खांद्यावर बंदूक घेऊन याच रांगेत उभं राहायचं, आणि लग्न झालेला सार्जंट म्हणून मिळालेली खोलीही सोडायची. रांग नुसत्या डोळ्यानं लावून टाकावी, असा पापी विचार त्याच्या मनात आला, तेवढ्यात ढोल वाजला.

जनरलसाहेब आले, थांबले, मान तिरकी करून बघत राहिले.

"वाकडी आहे."

"भाल्यानंच लावलीय, साहेब," हाफनर म्हणाला.

"सार्जंटच्या भाल्याचं काय सांगावं. कॅप्टन, तुमचा लावून बघा."

कॅप्टन फॉन रीडेनाऊचा भाला नाजूक, सोनेरी गोंड्याचा. त्यानं तो उगाचच दोनदा हात बदलून धरला. मग आडवा टेकवला.

दांडा चौघांच्याही छातीला बरोब्बर चिकटून बसला. पुढच्या चौघांनाही तसाच. मधे बोट शिरायला जागा नाही. हाफनर जवळच उभा होता. सोनेरी गोंड्याला साबणाचा वास येत होता. त्यानं हळूच भिंतीकडं पाहिलं. उर्सुला अगदी मन लावून आभाळ बघत होती.

जनरलसाहेबांनी एकदा भाल्याकडं पाहिलं, एकदा रांगेकडं.

"अधिकाऱ्याचा भाला खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. मग त्यांची नजर शेजारच्या तुकडीवर गेली. ती दोरीसारखी सरळ उभी होती. "म्हणजे ती रांग वाकडी आहे. सार्जंट, जरा नीट करून द्या त्यांना."

कॅप्टन गोंड्याचे धागे विंचरत राहिला. हाफनरनं भाला खांद्यावर टाकला आणि अदबीनं तिकडं निघाला.