ईमेल द्या, ग्रंथ घ्या

फुकट ते पौष्टिक, हेच आमच्या ह्यांचं खरं अध्यात्म. मिल बंद पडली, मग वॉचमनकी केली, तीही सुटली, आणि घोडपदेवच्या चाळीत बसल्या बसल्या ह्यांना मोबाइलवर मोक्षाची जाहिरात दिसली. ग्रंथ फुकट, मेलवरच येणार, आपला ईमेल तेवढा द्यायचा आणि त्या प्रकाशनाच्या ब्लॉगचं सभासद व्हायचं. एकाचे झाले, मग दुसऱ्याचे, असे बावीस प्रकाशनांचे. शेजारचा धोंडू विचारायचा, गुणाजी, वाचलेस किती? तर म्हणे, ग्रंथ घरात असणं हेच पुण्य.

आता हे ब्लॉगवाले गप्प बसतात होय? सकाळी 'आजचा विचार', दुपारी नवा लेख, संध्याकाळी 'साधकहो, सवलत फक्त आजच'. वर देवाचा फोटो. मी म्हटलं, पुसून टाका की. ह्यांनी कानाला हात लावले. पोथीचं पान रद्दीत देत नाहीत, समुद्रात सोडतात. आता मेल कुठल्या समुद्रात सोडू, म्हणाले. बोला! सवलतीच्या जाहिरातीलासुद्धा आधी नमस्कार, मग उघडायची.

ग्रंथ आणि मेल मिळून ह्यांची मेलची पेटी गळ्यापर्यंत भरली. जागा संपली, जास्तीची विकत घ्या, अशी लाल अक्षरात रोज सूचना यायची. विकत म्हटल्यावर ह्यांनी तिकडे बघितलंच नाही.

आमचा सुशांत जहाजावर खलाशी. त्याचा फोन भर समुद्रात बिघडला, तेव्हापासून जहाजावरच्या कॉम्प्युटरवरून बापाला मेल टाकायचा, तेवढाच आम्हाला आधार. आणि आता पाच आठवडे एक ओळ नाही. मी रोज विचारायची, त्याचं काही आलं का, आणि हे मला 'मोह सोडण्याचे सात उपाय' वाचून दाखवत होते. आग लागो त्या उपायांना.

मग एका दुपारी कोलंबोहून त्याचा फोन आला. नवा घेतलाय, त्यात जुने नंबर परत मिळाले म्हणाला, पण आवाज पडलेला.

"आई, मागच्या बुधवारी आमचं जहाज आपल्याच बंदरात होतं गं. मला गेटच्या बाहेर सोडेनात. तुम्ही गेटवर या म्हणून तीन मेल टाकले, पेटी भरलीय म्हणून आधीच्यांसारखे तिन्ही परत आले. तरी मी दोन तास उभा राहिलो."

नंबर हल्ली कुणाचे पाठ असतात, नाहीतर कुणाच्याही फोनवरून कळवलं असतं त्याने. बंदराचं गेट आमच्यापासून चालत वीस मिनिटं. बुधवारी मी बांगडे साफ करत बसले होते. त्याला फार आवडतात.

फोन ठेवल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, परत आलेले मेल, गेट, दोन तास. हे उठले. मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसले. नमस्कार नाही, समुद्र नाही, एकेक मेल पुसत गेले. मग ब्लॉगांवरून नाव काढायला लागले. शेवटच्या ब्लॉगने विचारलं, साधकहो, आम्हाला सोडून जाण्याचं कारण? खाली चार कारणं छापलेली होती, त्यातलं एकही ह्यांचं नव्हतं. शेवटी एक रिकामी चौकट होती. तिथे ह्यांनी एका बोटाने, बराच वेळ लावून लिहिलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

'मुलगा येऊन गेला.'