घर दाखवायच्या दिवशी

"वास सुटला पाहिजे, बाई. माणूस दारातून आत आला की वेलदोड्याचा वास! भिंती वगैरे लोक नंतर बघतात," योन्नी म्हणाला.

"आणि खाणार कोण?" हिल्क्काने विचारलं.

"खायचा नाही हो. नुसत्या वासापुरता."

"वासापुरता पुल्ला! माझ्या आईने ऐकलं असतं तर लाटणंच घातलं असतं तुझ्या पाठीत."

योन्नी हसला. घरं विकून देणारा हा पोरगा तसा वाईट नव्हता. पुल्ला म्हणजे वेलदोडे घातलेला गोड पाव. हिल्क्काने वेलदोडे सोलून खलबत्त्यात टाकले आणि गरजेपेक्षा जरा जोरातच कुटायला घेतले. आंबवलेलं पीठ फडक्याखाली टम्म फुगलं होतं. त्याच्या लांब वळ्या करून ती वेण्या घालायला लागली. बाहेर मार्च महिना होता, पण कुंपण अजून बर्फाखालीच होतं.

घर तिच्या वडिलांचं. ओइवा इथे घरजावई म्हणून आला तो गवंड्याची थापी घेऊनच. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने ही विटांची भट्टी बांधली. पुढे गायी गेल्या, गावातली शाळा बंद पडली, तिथलं हिल्क्काचं स्वयंपाकिणीचं कामही सुटलं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर रक्त पोचेना म्हणून ओइवाचा पाय कापावा लागला. तेव्हापासून तो कायानी शहरातल्या वृद्धाश्रमात होता. हिल्क्का भेटायला गेली की म्हणायचा, "बर्फ वितळू दे, मग मी घरी येतो."

घर विकायला काढल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "सही लागेलच त्यांची, तेव्हा सांगू," मुलगी तार्या औलूहून फोनवर म्हणाली होती. "आई, तुला लाकडं फोडवत नाहीत, बाबांना पायऱ्या चढवणार नाहीत. आणखी किती दिवस ओढणार आहेस?"

वेण्यांवर अंडं फासून, जाड साखर भुरभुरवून तिने पुल्ला भट्टीत सरकवले. योन्नीने तिचा कोट आणून तिच्या हातात दिला. मालकाने समोर राहायचं नसतं म्हणे, लोक मोकळेपणी बोलत नाहीत.

"तांबूस झाले की काढ. विसरशील!"

"नाही विसरत."

अंगणापलीकडच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, गार पडलेल्या बाकावर ती जाऊन बसली. छोट्या खिडकीतून फाटक दिसत होतं. गाडी आली. दूरच्या एस्पो शहरातलं जोडपं होतं, उन्हाळ्यात राहायला घर हवं होतं त्यांना. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून ती दोघं आत गेली. हिल्क्का वाट बघत बसली. एव्हाना पुल्ला काढायला हवे होते. पोरगा बोलण्यात गुंगला असणार. स्वतःच्या हाताने केलेला पुल्ला जळू द्यायचा? ती उठली.

ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा जोडप्यातली बाई भट्टीकडे बोट दाखवत होती. "हिने अर्धी खोली अडवलीय. सगळ्यात आधी ही पाडावी लागेल."

हिल्क्काने भट्टीचं झाकण उघडलं आणि पुल्ला बाहेर ओढले. कडेचा एक करपला होता.

योन्नीचा चेहरा उतरला. "ह्या... ह्या शेजारच्या बाई. मदतीला येतात."

हिल्क्काने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"शेजारच्या? मग तुम्हाला माहीत असेल," बाई आपुलकीने म्हणाली. "कशी होती हो इथली माणसं?"

"ठीक होती. भांडायची अधूनमधून."

"आता कुठे असतात?"

"म्हातारा कायानीला. म्हातारी असते इथंच, आसपास."

बोलता बोलता तिने सुरी घेतली, एक वेणी कापली, कॉफी ओतली. घरी आलेल्या माणसाला तसंच पाठवायचं तिच्या हाताला जमलं नाही. जोडप्याने उभ्याउभ्याच खाल्लं. नवऱ्याने आणखी एक तुकडा मागून घेतला.

ती दोघं गेल्यावर योन्नीने हिल्क्काला गाडीतून कायानीला सोडलं. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पुल्ला होता. वाटेत योन्नी म्हणाला, "घेतील ते, असं वाटतंय. आणि ते शेजारचं... तोंडातून निघून गेलं माझ्या."

"रस्त्याकडे बघ. घसरडं आहे," ती म्हणाली.

ओइवा खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होता. तिने पुल्ला त्याच्यापुढे ठेवला. त्याने टॉवेलावर तळहात टेकवला.

"कोमट आहे अजून."

"हं."

"आज रविवार ना?"

"हं."

"शनिवार सोडून तू कधी भट्टी पेटवली नाहीस, म्हातारे. कोण आलं होतं घरी?"

हिल्क्काने कोटाची बटणं सोडायला घेतली. एक अडकलं, ते सुटेना. मग तशीच शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकून तिने सगळं सांगितलं. तार्याचं, योन्नीचं, एस्पोच्या माणसांचं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्याने निदान ओरडायला तरी हवं होतं.

ओइवाने टॉवेलाची घडी सरळ केली.

"भट्टी ठेवणार आहेत?"

"हो," हिल्क्का म्हणाली. "त्या बाईला तर फारच आवडली. पहिल्यांदा तिकडेच गेली ती."

"शहरातली माणसं. पेटवता येणार नाही त्यांना." तो खुर्चीत जरा सरळ बसला. "त्यांना सांग, उत्तरेचा वारा असला की धूर आत येतो. आधी थोडा कागद पेटवून धुरांडं गरम करायचं. मग बारीक लाकडं, आडवी नाही, उभी. आणि निखारे काळे पडल्याशिवाय वरची झडप बंद करायची नाही. नाहीतर कोंडलेल्या वायूने झोपेतच मरतील. हे नक्की सांग."

"सांगते."

"डावीकडची एक वीट सैल आहे. पुढच्या उन्हाळ्यात बसवणार होतो मी. ओल्या मातीने लिंपली तरी चालेल, पण सिमेंट नको लावू देऊ."

"सिमेंट नको," हिल्क्का म्हणाली.

तो बोलत राहिला. हातांनी हवेत कमान दाखवत, कुठली वीट कशावर टेकलीय ते समजावत राहिला. आणि हिल्क्का, अंगात कोट तसाच, त्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिली.