ज्याच्या त्याच्या मोबाईलवर पहिला नंबर

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ऑनलाइन दुकानं चालवणारी माणसं भिंतीला चिकटून उभी होती आणि सगळ्यांच्या माना मोबाईलवर वाकलेल्या. मंचावर ‘पहिलानंबरवाले सर’ डोळे मिटून बसले होते. “आता शोधा,” ते पुटपुटले. प्रत्येकाने इंटरनेटवर आपला माल शोधला आणि एकच गलका उठला. ज्याचं दुकान त्याला पहिलं! मेणबत्त्या विकणारे दोघे तर “माझं पहिलं!” “माझं पहिलं!” करत एकमेकांच्या गळ्यात पडले.

माझ्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठदुखीवाल्यांसाठी त्या आधाराची उशी शिवतात आणि मी, त्यांचा दीर, पार्सलं बांधतो.

“पाहिलंत भावोजी? पहिला नंबर!”

“मग ऑर्डरी कुठायत?” मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दृष्ट लावली.

चार महिन्यांपूर्वी, सरांच्या नादी लागण्याआधी, दिवसाला वीसेक पार्सलं जायची. आता चिकटपट्टीचा एक रोल महिनाभर पुरत होता. शिवणाऱ्या दोघींना वहिनींनी रडत रडत सांगितलं होतं, सोमवारपासून येऊ नका. त्यातली एक सोळा वर्षं आमच्याकडे होती. आणि सर काय म्हणतात, तर, “ताई, नंबर आला, श्रद्धा कमी पडली. पानं वाढवा!”

पानं म्हणजे वेबसाइटची. उशी एकच, रंग बारा. सरांनी फी घेऊन प्रत्येक रंगाचं वेगळं पान करायला लावलं, मग प्रत्येक मापाचं, मग ‘स्वस्त आधी’ आणि ‘महाग आधी’ असंही. मजकूर शब्दन् शब्द तोच. नऊशे पानं झाली. वर रोजचा नेम: घरातल्या प्रत्येकाने सकाळी उशी शोधायची आणि आपलं दुकान सात वेळा उघडायचं. माझी आईसुद्धा चष्मा लावून थरथरतं बोट मनोभावे दाबायची. त्याची मला शिसारी यायची. लुबाडायचं तर लुबाडा, वर म्हातारीला कशाला राबवता?

शनिवारी वहिनींच्या मावशी आल्या. त्या ग्रंथपाल. नेम ऐकून म्हणाल्या, “चल माझ्या वाचनालयात.”

तिथल्या कंप्युटरला वहिनींनी कधी हातही लावला नव्हता. मावशींनी ‘पाठदुखीची उशी’ शोधलं. निकालांचं पहिलं पान, दुसरं, पाचवं. आमच्या दुकानाचा पत्ता नाही. नवव्या पानावर एकदाचं सापडलं: जांभळी उशी, शिल्लक नाही.

“पण माझ्या मोबाईलवर...”

“अगं, रोज सात वेळा उघडतेस ते दुकान तो तुलाच आधी दाखवणार. तू काय उघडतेस हे त्याच्या लक्षात राहतं. गिऱ्हाइकाने कुठे नेम धरलाय?”

मग मावशींनी पुस्तकांच्या सूचीकार्डांचा जुना खण ओढला. “एका पुस्तकाची नऊशे कार्डं घातली, तर वाचकाने कुठलं खरं मानायचं? शोधणाऱ्या यंत्राचंही तेच. सगळी पानं सारखी, म्हणून त्याने एक आपल्या मनाने उचललं, नेमकं संपलेल्या रंगाचं. आम्ही खरं कार्ड एकच ठेवतो. बाकीच्यांवर लिहितो, ‘तिकडे पाहा’.”

वहिनींनी तिथूनच सरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, “ताई, त्या कंप्युटरची वृत्तीच नकारात्मक आहे.”

“मग माझी सगळी गिऱ्हाइकंही नकारात्मकच म्हणायची!” वहिनींनी फोन आपटला. त्यांचा इतका चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

वेबसाइट करणाऱ्याने फालतू पानं काढली, त्यांचे पत्ते मूळ पानाकडे वळवले आणि उरलेल्या रंगांच्या पानांत शोधणाऱ्या यंत्रासाठी ‘मूळ पान ते’ अशी खूण घातली. दोन महिन्यांनी वाचनालयातल्या कंप्युटरवर आमचा नंबर चौथा आला. पार्सलं पुन्हा जाऊ लागली. शिवणाऱ्यांपैकी एक परत आली. सोळा वर्षंवाली आली नाही. “पुन्हा कुणी सर भेटले तर?” एवढंच तिने विचारलं.

हॉलमध्ये शे-दोनशे शिकलेली माणसं होती. एकाच मालाची दोन दुकानं एकाच वेळी पहिली कशी, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्या मेणबत्तीवाल्यांनी गळ्यात पडण्याऐवजी एकमेकांच्या मोबाईलमध्ये डोकावलं असतं, तरी सरांचं दुकान तिथेच बंद झालं असतं. चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी शेजाऱ्याचा मोबाईल मागून घ्या.