मुख्तारभाईंनी बसवलेली कडी

न्हाणीघराची कडी बरेच दिवस नीट लागत नव्हती. आत गेलेल्याला अंघोळभर मोठ्यानं खाकरत राहावं लागे, नाहीतर बाहेरचा सरळ दार उघडून मोकळा. बायको रहिमाबी सांगून थकली होती, की सुकदेव मिस्त्रीला बोलवा. पण अमळनेरात स्वतःचं चादरी-सतरंज्यांचं दुकान असलेल्या मुख्तारभाईंना एवढ्याशा कडीसाठी मिस्त्री बोलावणं म्हणजे कर्तेपणाचा अपमान वाटे.

"चार स्क्रूंचं काम. त्यात मिस्त्री वेगळं काय करणार?"

रविवारी थोरल्या मुलीचे, अफरीनचे सासू-सासरे धुळ्याहून जेवायला येणार होते. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणून शनिवारी मुख्तारभाईंनी नवी कडी आणली आणि अख्खं घर कामाला जुंपलं. रहिमाबीनं दार धरलं. धाकट्या महेकनं एका हातात मोबाइलचा टॉर्च धरला, दुसऱ्या हातात स्क्रू. काम झाल्यावर त्यांनी उघड्या दारावरच कडी पुढे-मागे सरकवून दाखवली. लोण्यासारखी सरकली.

"दार बंद करून बघा ना, अब्बा," महेक म्हणाली.

"त्यात काय बघायचं? लागणारच."

रविवारी सकाळी ती लागली. जरा अडली, तेव्हा त्यांनी तळहातानं एक दणका दिला, आणि कडी खाचेत जाऊन बसली. मुख्तारभाईंना अभिमानच वाटला. अंघोळ झाली, अंग पुसलं, लुंगी गुंडाळली आणि कडी ओढली. कडी हलेना. टॉवेल धरून ओढली, भिंतीला पाय लावून ओढली. घाम फुटला, पण कडी ढिम्म.

"अब्बा, झालं का?" बाहेरून महेकचा आवाज आला.

खरं सांगून टाकायचं हीच वेळ होती. पण कालचे सगळे डायलॉग त्यांना आठवले, आणि त्यांनी मुकाट्यानं तांब्या भरून अंगावर ओतला.

"होतंय, होतंय!"

मग ते कडी ओढायचे, आणि बाहेर पावलं वाजली की पाणी ओतायचे. एवढा स्वच्छ माणूस त्या दिवशी अमळनेरात दुसरा नसेल. शेवटी नळानं घरघर केली आणि पाणी बंद झालं.

"अजी, टाकी संपवली की काय?" रहिमाबी कडाडली. "आता नळाला पाणी यायचं कधी? पाहुणे हात कशानं धुणार? या आधी बाहेर!"

"येतो," मुख्तारभाई आतून बारीक आवाजात म्हणाले. "पण कडी निघत नाहीये."

मग महेक फिस्सकन हसली. रहिमाबी हसली नाही. तिनं सुकदेव मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री येईपर्यंत महेकनं स्टुलावर चढून दारावरच्या वीतभर फटीतून सदरा आत सोडला आणि पाठोपाठ चहाचा ग्लास. आलं घातलेला, त्यांच्या आवडीचा. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्यांनी घोट घेतला, तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली.

अफरीनचे सासरे अतिक मास्तर म्हणजे गंभीर माणूस. लग्नात त्यांच्या तोंडून 'हो' आणि 'बरं' याखेरीज शब्द निघाला नव्हता. ते थेट न्हाणीघराच्या दाराशी आले आणि सलाम केला. न्हाणीघरातून सलामाला जवाब द्यावा की नाही, हे मुख्तारभाईंना काही आठवेना. त्यांनी नुसतं "या, बसा" म्हटलं.

मास्तर खरंच खुर्ची ओढून दारापाशी बसले.

"तुम्हीच बसवली म्हणे?"

"हो." आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

बाहेर खुर्ची दाराच्या आणखी जवळ सरकल्याचा आवाज आला. मग मास्तर आवाज उतरवून म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यात आमचा कूलर मी दुरुस्त केला. आता तो हवा देत नाही. शिंकतो."

मुख्तारभाईंच्या नाकात चहा गेला. दाराच्या अलीकडे-पलीकडे दोघं व्याही असे हसले की स्वयंपाकघरातून दोन्ही विहिणी बाहेर आल्या. मग मास्तरांना थांबवणं कठीण झालं. मिक्सर झाला, सायकल झाली, कुकरची शिटी झाली. तोंड दिसत नसलं की माणूस मोकळा होतो, असं मुख्तारभाईंना वाटलं. हा माणूस उगाच दूर राहिला होता.

सुकदेव मिस्त्री आला. त्यानं दार हलवून पाहिलं, फटीतून डोकावला.

"कडी तं मजबूत बसाडेल शे. कोणता मिस्तरीनी बसाडी?"

"होता एक," रहिमाबी म्हणाली.

बिजागऱ्या बाहेरून होत्या. मिस्त्रीनं त्या काढल्या आणि अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं. आत हातात रिकामा ग्लास घेतलेले मुख्तारभाई. मास्तरांनी पुढे होऊन त्यांना मिठी मारली. शेजारून आणलेल्या पाण्यानं सगळ्यांनी हात धुतले. जेवताना रहिमाबी नवऱ्याला एक शब्द बोलली नाही, पण न मागता तिनं त्यांच्या ताटात नळीचं हाड वाढलं.

संध्याकाळी धुळ्याहून अफरीनचा फोन आला.

"अब्बा, आमचे सासरे घरात हसतायत. आम्ही सगळे घाबरलोय. तुम्ही त्यांना काय खाऊ घातलंत?"

"त्यांना फोन दे," मुख्तारभाई म्हणाले. "कूलरचं पुढे काय झालं, ते ऐकायचं राहिलंय."