तुपातून निघालेली पळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पळी आहे. हातभर लांब दांडा, टोकाला आकडा, आणि पोटाची वाटी एवढीशी, की त्यात जेमतेम दोन चमचे मावतात. आज मी जयसिंगपुरातल्या एका घरात इतर भांड्यांपासून दूर, एकट्या खिळ्यावर लटकते. मला दुसऱ्या कुठल्या भांड्यात बुडवलेलं इथे चालत नाही. तुम्ही म्हणाल, केवढा हा पळीबाईंचा नखरा! पण ह्या खिळ्यामागे एक हकिगत आहे. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, तरी सांगते.

माझा जन्म कोल्हापुरातला. ज्ञानू ओताऱ्यानं मोडीच्या पितळेतून मला ओतलं, कानस मारली, चिंच आणि राख लावून लख्ख केलं. साठ साली चिमणाबाईंनी मला विकत घेतलं. चिमणाबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. पदरात एक मुलगा. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांनी शाकाहारी खाणावळ काढली होती. पुढच्या खोलीत पाट मांडलेले, मागच्या खोलीत चुली. तिथे मला नेमणूक मिळाली ती थेट तुपाच्या डब्यात.

काय तो मान! आमटीचं वगराळं दिवसभर आंबट-तिखटात बुचकळ्या मारायचं, भाताचं उलथनं चिकट व्हायचं. मी मात्र घरच्या कढवलेल्या रवाळ तुपात आरामात उभी. भात वाढला, वरण पडलं, की सगळ्या माना चिमणाबाईंच्या हाताकडे वळायच्या. मी आल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नसे. तालमीचे वस्ताद हंबीरराव तर मला बघून मिशीवरून हात फिरवायचे. गडी दोन पळ्या तूप खायचा आणि वर दूधकट्ट्यावरून डोळ्यांसमोर पिळून आणलेलं म्हशीचं पेलाभर दूध. अशा गावात माझ्यापासून कुणाला अपाय होईल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

सहासष्टच्या जून महिन्यात नृसिंह मास्तर आपल्या आठ वर्षांच्या नंदिनीला घेऊन आले. नंदिनीची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. मास्तरांची बदली कोल्हापूरच्या शाळेत झाली, आणि त्यांना गणित जेवढं यायचं तेवढी भाकरी येत नव्हती. कच्ची-करपलेली खाऊन मुलगी आजारी पडायला लागली, तेव्हा त्यांनी खाणावळ धरली.

पहिल्याच दिवशी ते उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "चिमणाबाई, हिला दुधाचं वावडं आहे. दूध, दही, ताक, लोणी, तूप, काहीच नको. एक थेंबही नको. तान्ही असताना दोनदा जिवावर बेतलंय."

हंबीररावांचा घास हातातच राहिला. "काय सांगताय मास्तर! कोल्हापुरात ऱ्हायाचं आन दूध न्हाय प्यायाचं? मग पोरगी उभी कशावर ऱ्हायाची?" सगळी पंगत हसली. नंदिनीनं मान खाली घातली.

चिमणाबाई हसल्या नाहीत. आठ दिवस त्यांनी मास्तरांचं ऐकलं. पण वाढताना त्यांची नजर त्या पोरीच्या काटकुळ्या मनगटांवर जायची. शेवटी त्यांच्यातलं आईपण उसळलं. चुलीपाशी माझ्याशी बोलावं तसं पुटपुटल्या, "दूध नगं, ठीक हाय. पर तूप म्हंजे काय दूध हाय व्हय? त्ये तर औषध. बिनआईच्या लेकराला तूपबी न्हाय, म्हंजे काय म्हणायचं!"

आणि त्यांनी मला डब्याच्या तळापर्यंत घातलं. तळाशी बेरी बसलेली असते, तुपातली सगळ्यात चवदार गोष्ट. घरच्या लाडक्या पोरांनाच ती मिळते. ती बेरी चिमणाबाईंनी नंदिनीच्या ताटात आधी ठेवली, वर भात झाकला, वर वरण ओतलं. मित्रांनो, खरं सांगते, मला वाटलं आज आपल्या हातून पुण्य घडलं.

चौथ्या घासाला नंदिनी मान खाजवू लागली. अंगावर रुपयाएवढाल्या गांधी उठल्या, ओठ सुजले, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मास्तर ताट ओलांडून धावले. "काय घातलंत? बाई, काय घातलंत हिला?"

"काय न्हाय..." चिमणाबाईंच्या तोंडून आधी हेच निघालं. त्यांनी हातातल्या माझ्याकडे बघितलं. मग त्या ओरडल्या, "तूप घातलं, मास्तर! मीच घातलं, लपवून!"

हंबीररावांनी उष्ट्या हातानंच पोरीला उचललं आणि अनवाणी धावत कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सुई टोचली. तासाभरानं श्वास ठिकाणावर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले म्हणे, 'आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं.' हे हंबीररावांनी परत येऊन सांगितलं. सांगताना एवढा दांडगा माणूस भिंतीला टेकून बसला होता.

त्या दिवसापासून मास्तर खाणावळीत आले नाहीत. पाचव्या दिवशी कळलं, की येत्या रविवारच्या एस. टी.नं ते नंदिनीला गडहिंग्लजला बहिणीकडे पोचवणार आहेत. पोरीला एकट्यानं सांभाळण्याची त्यांची हिंमत संपली होती. बहिणीच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या, आणि 'सवयीनं सगळं पचतं' असं त्या बाईचं ठाम मत होतं. आई गेलेल्या मुलीचा बाप आता तिच्यापासून तुटणार होता, आणि ती जिथे जाणार होती तिथे घराघरांत माझ्या बहिणी तूप घेऊन टपलेल्या होत्या. हे सगळं माझ्या वाटीतून सांडलेलं होतं. डब्यात उभी असताना मला पहिल्यांदा तुपाची शिसारी आली.

हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी चिमणाबाईंनी मला डब्यातून काढलं आणि कल्हईवाल्याकडे नेलं. "भाजून काढ हिला. तुपाचा वाससुदिक ऱ्हायला न्हाय पायजे." मला वाळूनं खरडलं, खारानं धुतलं, भात्यावर लालबुंद केलं. मग नवसागर आणि कथील. बाहेर आले ती पांढरीशुभ्र होऊन. शेजारीण म्हणाली, नवी पळी का घेत नाही? चिमणाबाई म्हणाल्या, "हिनं आन मी मिळून केलंय. आमी दोघींनीच निस्तरायचं."

मला घेऊन त्या मास्तरांच्या खोलीवर गेल्या. माफी मागायला त्यांना शब्द सापडेनात. तशाच म्हणाल्या, "मास्तर, रविवारच्या आदी येक डाव या. पाटावर बसू नगा, माझ्या सैपाकघरात बसा. मी काय करतो, कसं करतो, समदं डोळ्यानं बघा. पटलं तर जेवा, न्हाय तर पोरीला घिऊन जावा. मी आडवी येनार न्हाय."

शनिवारी सकाळी बापलेक चुलीपाशी येऊन बसले. अजून तुपाचा डबा उघडला नव्हता, दुधाची किटली आत आली नव्हती. चिमणाबाईंनी कोपरापर्यंत हात राखेनं घासले. नवं छोटं पातेलं घेतलं, शेंगतेलाची फोडणी देऊन आमटी केली. मग नंदिनीच्या पुढ्यात नारळ फोडला, खवला, वाटला, फडक्यातून पिळला. पांढरं दूध गळायला लागलं तशी पोर बापाच्या मागे सरकली. पांढऱ्या रंगाचीच तिनं धास्ती घेतली होती.

"बघ, पोरी, नारळ हाय ह्यो. तुझ्यासमोर फोडला." त्यात गूळ आणि शेवया घालून त्यांनी खीर केली, आणि ढवळायला मला घेतलं.

नंदिनीनं हात पुढे केला. मला घेतलं, वाटी नाकाशी धरली आणि कितीतरी वेळ हुंगलं. माझ्या जन्मात माझी अशी परीक्षा कुणी घेतली नव्हती. मग तिनं बापाकडे बघितलं. मास्तरांचा चेहरा घामानं भिजला होता, पण त्यांनी मान हलवली. तिनं बोटाच्या टोकावर खीर घेतली, ओठाला लावली आणि थांबली. सगळेच थांबलो. घटकाभरानं ती म्हणाली, "अजून वाढा ना, मावशी." आयुष्यात तिनं खाल्लेली ती पहिली खीर होती.

रविवारची एस. टी. त्यांना न घेताच गेली.

त्यानंतर आठ वर्षं नंदिनी तिथेच जेवली. तिचं पातेलं रोज सगळ्यांत आधी चढायचं. माझ्यासाठी दाराजवळ वेगळा खिळा ठोकला होता, आणि मला दुसऱ्या कशात बुडवायला चिमणाबाईंच्या मुलालाही परवानगी नव्हती. पहिल्यांदा मला आमटीत उतरायचं जिवावर आलं होतं, आता मीच नंदिनीच्या आमटीची वाट बघायची. हंबीरराव आपला दुधाचा पेला घेऊन बाहेर पायरीवर जायचे, तिथे उभ्यानं संपवायचे, हात धुऊन मगच आत यायचे. आणि जेवण झालं की चिमणाबाई नंदिनीला दारातल्या उजेडात न्यायच्या, हनुवटी धरायच्या. "बघू तोंड." ओठ नीट बघून झाले, की पाठीवर धपाटा. "जा शाळंला."

मग मास्तरांची बदली जयसिंगपूरला झाली. पोरगी गेली, आणि माझं काम संपलं. पंचाहत्तर गेलं, ऐंशी गेलं. खाणावळीत टेबलं आली, स्टीलचे डाव आले. चिमणाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, माणसांची नावं त्या विसरायला लागल्या. कारभार सून शालूबाईकडे गेला. बाई कष्टाळू, मनानं चांगली. पण एकदा रंगकाम निघालं, खिळा उपटला गेला, आणि शालूबाईनं मला इतर भांड्यांत टाकलं. माझी कल्हई उडाली. एक दिवस मी पुन्हा तुपाच्या डब्यात उभी राहिले. आता त्यात मान वाटत नव्हता.

शहाऐंशी साली एका दुपारी अठ्ठावीस वर्षांची एक बाई आत आली. शिक्षकांच्या शिबिरासाठी कोल्हापूरला आली होती. पिशवीत घरचा डबा होता, पण तिनं तो काढला नाही. भिंतींवरून, दारावरून नजर फिरवत राहिली. मी तिला ओळखलं. ताटाकडे बघण्याआधी वास घेण्याची ती तऱ्हा मी कशी विसरेन?

ती शालूबाईला म्हणाली, "ताई, मला दूध-तूप काहीच चालत नाही. वावडं आहे. आमटी मिळेल?"

"बसा की पावणं! आमटीत कुटलं आलंय तूप?" असं म्हणत शालूबाईनं डब्यातून मला उचललं, हाताला आलं ते उचललं, आणि तशीच आमटीत बुडवून वाटी भरली. माझ्या अंगावरचं तूप आमटीवर गोल गोल तरंगलं. मित्रांनो, मला तोंड नाही याचं दुःख मला त्या क्षणी झालं तेवढं कधी झालं नाही. ताट तिच्या पुढ्यात गेलं.

दाराशी पोत्यावर बसलेल्या चिमणाबाईंनी मात्र ते शब्द ऐकले होते. त्या उठल्या. कोण आलंय ते त्यांना दिसत नव्हतं, आठवतही नव्हतं. पण 'दूध-तूप चालत नाही' एवढं कानावर पडलं, आणि त्यांचा हात आपोआप भिंतीवर खिळा चाचपू लागला.

"शाले, माझी पळी कुटं हाय?"

"ही काय, आत्याबाई, आमटीत."

त्यांनी मला हातात घेतलं, नाकाशी धरलं. मग मोठ्यांदा म्हणाल्या, "उचल त्ये ताट! उचल म्हणतो न्हवं!"

"आवो आत्याबाई, थेंबभर तर असंल..."

"थेंबानंच झालतं की गं!"

चिमणाबाई चाचपडत टेबलाशी आल्या. "पोरी, आज हितं जेवू नगंस. माझी पळी तुपात गेलती. मला खात्री न्हाय." मग देवापुढच्या फणीतलं एक केळं तोडून त्यांनी तिच्या हातात दिलं. "ह्ये खा. साल तुझ्या हातानं काढ. ह्याला आतनं कुनाचा हात लागलेला न्हाय."

नंदिनीचे डोळे भरून आले. वीस वर्षांत तिला 'थोड्यानं काय होतंय' म्हणणारे शेकडो भेटले होते, लग्नाच्या पंगतीत रुसणारे भेटले होते. 'मला खात्री नाही, जेवू नकोस' असं म्हणून ताट उचलणारं मात्र कुणी भेटलं नव्हतं. ती केळं सोलून तिथेच उभ्यानं खाऊ लागली, सगळं खाल्लं. मग म्हणाली, "मावशी, मी नंदिनी. मास्तरांची."

चिमणाबाईंनी तिला हाताला धरून दारातल्या उजेडात नेलं आणि हनुवटी धरली. "बघू तोंड." डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून अंगठा तिच्या ओठांवरून हळूहळू फिरवला, एकदा वरच्या, एकदा खालच्या. मग पाठीवर धपाटा घातला.

जाताना नंदिनीनं मला मागून घेतलं. नवी कल्हई केली, जयसिंगपुरात आपल्या घरी नवा खिळा ठोकला. चिमणाबाई आता नाहीत. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या पंगतीत कुणी म्हणालं, हे मला चालत नाही, तर हसू नका, आणि मायेपोटीही लपवून काही वाढू नका. आधी विचारा, आणि खात्री नसेल तर तसं सांगा. घरात एखादं केळं तरी असतंच.