बर्फखान्यातलं डोकं

भुंगा गेला तो परक्या शहरात, परक्या बाईच्या स्टुडिओत. त्या वेळी ती बाई इथे होती, भुंग्याच्या स्टुडिओत, त्याच्याच स्टुलावर. पुढे कितीतरी दिवस ताईच्या डोळ्यांसमोरून हे एवढंच हलेना.

भुंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी हातात काही काम आलं की तो नाकातून गुणगुणत बसायचा, म्हणून ताईनेच ते ठेवलं होतं. ताई त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो जेमतेम बोलायला लागला होता आणि ताई शाळेत जायच्या वयाची होती. बाप हाताने आणि तोंडाने दोन्हीने सैल. आई गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने दोन्ही पोरांना मावशीच्या दारात उभं केलं आणि जो गेला तो गेला. मावशीने पोटाला कमी केलं नाही, पण आईपण केलं ते ताईने. पुढे ती दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली. तिथलं उरलंसुरलं प्लास्टर ती डब्यातून घरी आणायची आणि भुंगा त्याची डोकी करायचा, नाकाडी, चपटी, टकली. मोठा शिल्पकार झाल्यावरही तिला चिडवायचा, "ताई, तू नुसते दात करतेस. बाकीचं डोकं मलाच करावं लागतं."

गावाच्या टोकाला बर्फाचा जुना कारखाना बंद पडला होता. काही चित्रकार मंडळींनी संस्था काढून तो घेतला आणि जिथे बर्फाच्या लाद्या निघायच्या तिथे कलाकारांसाठी स्टुडिओ बांधले. उंच छत, उतरती फरशी, पाणी जायला पन्हळी. मातीत काम करणाऱ्याला आणखी काय हवं? वर्षभर जागा फुकट, वर माती, लाकूड, प्लास्टर संस्थेचं. लोक त्याला बर्फखानाच म्हणत राहिले. परदेशातल्या तशाच एका संस्थेशी त्यांची अदलाबदल चालायची. दर वर्षी इथला एक कलाकार तिकडे जायचा आणि तिकडचा इकडे यायचा, एकमेकांच्या जागेत राहून काम करायचा. भुंग्याला तिथे स्टुडिओ मिळाला होता, आणि त्या वर्षी त्याचीच निवड झाली. निघताना तो इतका हरखला होता की बॅगेला कुलूप लावून किल्ली आतच विसरला.

तिकडे भूकंप झाला तो सकाळी. ताई एका म्हातारबुवांची खालची कवळी घासत होती, तेवढ्यात बर्फखान्याच्या संचालिकाबाईंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, पण प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडत होत्या. इमारत जुनी होती. स्टुडिओ वरच्या मजल्यावर. अजून काही कळत नाही. मग कळलं. पेटी यायला बरेच दिवस लागले आणि ती उघडू नका असं वर लिहिलेलं होतं. अंत्यसंस्कार मोजक्या माणसांत उरकले. बापाला कळवायचं कुणी सुचवलं नाही, आणि कुणी सुचवलं असतं तर ताईने त्या सुचवणाऱ्याला घराबाहेर काढलं असतं.

"सामान न्यायची घाई नाही," संचालिकाबाई म्हणाल्या होत्या. "तुम्हाला जमेल तेव्हा या." ताईला जमेना. शेवटी एका रविवारी ती मनाचा हिय्या करून गेली.

स्टुडिओचं दार उघडंच होतं. आत अदलाबदलीत तिकडून आलेली ती बाई होती. इथे तिला सगळे पाहुणीच म्हणायचे. चाळिशीची, केस बारीक कापलेले, बोटं कोळशाने काळी. तिचं घर, तिचा स्टुडिओ, तिची एक म्हातारी आत्या, सगळं त्याच ढिगाऱ्यात गेलं होतं. परतायला जागा नाही म्हणून संस्थेने तिची मुदत वाढवून दिली होती. ताईला बघताच ती उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, मार खाणाऱ्या पोरीसारखी. दोघींना येणारी एक मोडकीतोडकी भाषा होती, तेवढ्यावर बोलणं चालणार होतं.

"मी काही हलवलं नाही," पाहुणी म्हणाली. "सगळं त्याचं तसंच आहे."

ताईने हत्यारं गोळा केली, चपला, मफलर, चहाचा कप. कोपऱ्यात एका उंच तिवईवर प्लास्टिकखाली काहीतरी झाकलेलं होतं. तिने प्लास्टिक काढलं. आत ओली फडकी गुंडाळलेली होती. भुंगा जाऊन इतके महिने झाले आणि फडकी ओली? तिने एकेक फडकं सोडवलं.

खाली मातीत बाप होता.

माणसाच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं डोकं. म्हातारा झालेला, गालफडं बसलेली, पण तोच. तीच जाड मान, कपाळावरची तीच आठी. तोंड मात्र अर्धवट उघडं, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखं. ताई जवळच्या खोक्यावर बसली.

"हा माणूस इथे यायचा?"

"येतो," पाहुणी म्हणाली. "दर रविवारी. तुझा भाऊ जायच्या आधी त्याच्यासमोर बसायचा, असं मला इथल्या लोकांनी सांगितलं. आता एकटाच येतो. माती वाळू नये म्हणून फडकी भिजवतो. मग समोर बसून तिच्याशी बोलतो. खूप वेळ. मला भाषा कळत नाही."

म्हणजे भुंगा त्याला भेटत होता. तिच्या पाठीमागे. जेवायला समोर बसून सगळं सांगणारा भुंगा हे एवढं पोटात ठेवून हसत होता. रागाला जागा हवी होती आणि बाप तिथे नव्हता, म्हणून तो पाहुणीवर निघाला.

"तुला एवढं सगळं दिसतं," ताई म्हणाली. "तुझी इमारत पडायला आलेली दिसली नाही? तिथे तू असायला हवी होतीस."

पाहुणीने मान हलवली. "हो," एवढंच म्हणाली. तेवढ्यात दारात बाप उभा राहिला.

त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. ताईला पाहून ती त्याने पाठीमागे लपवली.

"तू," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"इथे फळ्यावर लावलं होतं. फोटोला हार होता." त्याचा आवाज बसलेला होता. "मला कळवलं नाहीस."

"कशाला कळवू? कोण लागता तुम्ही त्याचे?"

त्याची नजर सारखी त्या उघड्या डोक्याकडे जात होती. "फडकी तेवढी घालू दे," तो म्हणाला, "तडे जातील."

"जाऊ देत. निघा इथून. परत पाय ठेवलात तर बघा."

ती किंचाळली नव्हती, पण शेजारच्या स्टुडिओतला ठोकण्याचा आवाज बंद पडला. बाप बाटली दाराशी ठेवून वळला आणि पन्हळीच्या कडेकडेने, एक पाय ओढत निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाहुणीने डोक्याला हात लावला नाही. आपला तो हक्क नाही असं तिला वाटलं असावं. मग संचालिकाबाईंनी ताईला बोलावलं. त्यांच्या टेबलावर चहा गार होत होता. बाई चांगल्या होत्या, पण चांगुलपणालाही कुठेतरी थांबावं लागतं.

"पुढच्या महिन्यात नवीन मुलगी येतेय त्या स्टुडिओत," त्या म्हणाल्या. "पाहुणीला आम्ही वरची खोली देतोय. तुमच्या भावाच्या कामांचं प्रदर्शन करावं असं विश्वस्तांच्या मनात आहे. पण ते मातीचं काम तसंच राहिलं तर टिकणार नाही. त्याचा साचा घ्यायचा, की मोडायचं, हे तुम्हीच ठरवा."

"मोडा," ताई म्हणाली आणि उठली. दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "थांबा. आधी मी बघते."

माती कानाशी आणि मानेशी तडकायला लागली होती. बापाला मोडायचं तर तिच्या हाताचा एक फटका पुरला असता. पण जवळ गेल्यावर तिला बाप कमी आणि भुंगा जास्त दिसायला लागला. डोळ्यांखाली त्याने अंगठा दाबून सारला होता, तिथे त्याच्या बोटांच्या रेषा होत्या. भुवईवर माती आधी लावून मग खरवडून काढली होती, म्हणजे तिथे तो अडला होता. हे मोडलं तर भुंग्याचा हातच मोडला जाणार होता. तिने पदर खोचला आणि पाहुणीला म्हणाली, "बादली आण."

दिवसभर दोघी त्यात होत्या. तडे बुजवले. डोक्याच्या मध्यावरून पातळ पत्र्याच्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे साचा दोन भागांत सुटेल. ताईने प्लास्टर कालवलं. एवढंसं प्लास्टर कालवायची सवय असलेल्या हाताला बादलीचा अंदाज येईना. पहिली बादली घट्ट होऊन वाया गेली आणि पाहुणी हसली. मग घाबरून गप्प झाली. ताई म्हणाली, "हस गं. भुंगाही हसला असता."

साचा सुकल्यावर त्यांनी तो उघडला. मग आतली माती उकरून काढायची होती. त्याशिवाय पुढे जाता येत नाही. भुंग्याने हाताने लावलेली माती तिथे संपते आणि मागे राहतो तो नुसता पोकळ उलटा चेहरा. ताई थबकली, तेव्हा पाहुणीने तिच्या हातातून चमचा घेतला.

"मी काढते," ती म्हणाली. "तिथे मी असायला हवं होतं, तू म्हणालीस ते बरोबर होतं. मी रोज तेच म्हणते."

"ते मी बोलायला नको होतं."

"पण खरं आहे."

माती गोळ्यागोळ्यांनी टोपलीत पडत राहिली.

मग रिकाम्या साच्यात प्लास्टर ओतलं, आणि साचा फोडल्यावर डोकं निघालं ते पांढरं, एका कानाचा टवका उडालेलं. वरच्या उजेडात ठेवल्यावर उघडं तोंड आणखी उघडं वाटलं. काय बोलत होता हा? भुंगा समोर मातीत हात घालून बसला असताना याच्या तोंडून काय बाहेर येत होतं? तो प्रश्न तिने घरी नेला, प्रयोगशाळेत नेला. शेवटी संचालिकाबाईंकडून पत्ता मिळवून ती बापाकडे गेली.

टायरच्या दुकानामागे एक खोली होती, त्यात तो राहत होता. दुकानावर नजर ठेवायची, त्या बदल्यात डोक्यावर छप्पर. खोलीभर जळक्या रबराचा वास. त्याने तिला बसायला खाट दिली आणि स्वतः खाली बसला.

"साचा घेतला," ताई म्हणाली. "बघायचं असेल तर जाऊन बघा. मी काही बोलणार नाही."

"मला नाही बघायचं," बाप म्हणाला. "मी डोकं बघायला जात नव्हतो."

"मग?"

तो हाताची नखं खरवडत राहिला. "त्यानेच मला शोधून काढलं. मला वाटलं, पोराला माया आली. पहिल्या दिवशी त्याने मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, मला तुमची दया येत नाही आणि तुमचा राग करायलाही वेळ नाही. तुम्ही आमच्याशी काय काय केलंत ते तुमच्या तोंडाने सांगा. एका वेळी एकच. तो हात चालवायचा, मी सांगायचो. कुठे खोटं बोललो की हात थांबवायचा. कळायचं कसं त्याला, देव जाणे."

"काय काय सांगितलंत?" ताईने विचारलं.

"सगळं सांगितलं. पट्ट्याचं सांगितलं. तुझ्या शाळेच्या दप्तराचं सांगितलं. मावशीच्या दारात सोडून मागे न बघता गेलो ते सांगितलं. एकच राहिलं." तो थांबला. "तुझी आई गेली ते. तो विचारायचा, मी म्हणायचो पुढच्या वेळी. जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, आल्यावर तेवढं सांगा, मग तोंड पुरं करतो. तो गेल्यावर मी त्या मातीसमोर बसून सांगून बघितलं. पण तिचे कान मातीचे."

"त्याला वाटायचं, ती दवाखान्यात गेली," ताई म्हणाली. "मीच तसं सांगितलं होतं त्याला."

बापाने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"का?"

"त्याने जगावं म्हणून."

बाहेर कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"सांगा," ताई म्हणाली.

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मग त्याने सांगितलं. दुपारची वेळ. तो कामावरची पाळी संपवून आला होता. आईला रक्त जात होतं, डॉक्टरला बोलवा म्हणत होती. तो म्हणाला, नाटकं बंद कर, मला झोपू दे. तिने दाराकडे जायला सुरुवात केली तेव्हा त्याने आतून कडी घातली आणि कडीखालीच आडवा झाला. "दोन-तीनदा हाक मारली तिने," तो म्हणाला. "मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही दोघं आतल्या खोलीत झोपला होतात."

"मी जागी होते."

बापाने नखं खरवडायचं थांबवलं.

"तुम्ही कडी घातलीत तो आवाज मी ऐकला," ताई म्हणाली. "मी बाहेर आले नाही. मला तुमची भीती वाटत होती. मी भुंग्याच्या कानांवर हात ठेवून पडून राहिले. पुढे सांगा."

त्याने पुढचंही सांगितलं, अगदी शेवटपर्यंत, शेजारी दार वाजवायला आले तिथपर्यंत. मधे एकदा तो रडायला लागला, तेव्हा ती थांबली. गप्प बसा असं म्हणाली नाही, की पाणी दिलं नाही. सांगून झाल्यावर ती उठली.

"परत येशील?"

"माहीत नाही."

ती रस्त्यावर आली, बसथांब्यावर उभी राहिली. बस आली आणि गेली. दुसरीही आली आणि गेली. आईचं ते भुंग्याला दोघांनीही सांगितलं नव्हतं, बापाने लाजेने आणि तिने मायेने, आणि सांगायचं ज्याला तोच आता नव्हता. तिसऱ्या बसचा वाहक खाली वाकून म्हणाला, "बाई, चढताय ना?" तेव्हा ती चढली.