पाळकसाहेबांचा पहिला कानडी उपदेश

पांडुरंगराव शिंप्यांचं दुकान हिनकलच्या चर्चसमोरच होतं, पण ते आत कधी गेले नव्हते. विठोबाचा माणूस, एकादशी न चुकवणारा. रविवारी समोरून गाणी सुरू झाली की मशीन जरा हळू चालवायचे, एवढाच त्यांचा त्या घराशी संबंध. तेव्हा हिनकल अजून गावच होतं, म्हैसूर तिथवर पसरलं नव्हतं.

नवे पाळक प्रभाकर साळवे नगरकडचे. झगा शिवायला ते दुकानात आले, आणि सुई बोटाला टोचल्यावर पांडुरंगराव मराठीत पुटपुटले ते ऐकून त्यांना इतका आनंद झाला की माप देता देता ते खाली स्टुलावरच बसले. गेले दोन महिने त्यांच्याशी कोणी मराठीत भांडलंसुद्धा नव्हतं.

"पांडुरंगराव, माझं एक काम करा. मला उपदेश कानडीत करायचाय. मराठीत मी सांगतो, तुम्ही कानडी करून द्या."

"आमची मराठीच निम्मी कानडी आहे, पाळकसाहेब. पण तुमचं उपदेशाचं कानडी मला येतंय कुठं? मी आपलं बाजारातलं बोलतो."

"चालेल. लोकांना कळलं म्हणजे झालं."

विषय होता, चर्चची मंडळी कशासाठी असते. साळव्यांनी तो मनापासून सांगितला. मंडळी म्हणजे या भिंती नव्हेत, बाकं नव्हेत. देवाने आपल्याला माणसांकडे पाठवलंय आणि आपण इथे गाणी म्हणत बसलोय. म्हणून, उठा, बाहेर पडा. पांडुरंगरावांनी ते कानडीत घातलं. शेवटच्या वाक्याला त्यांना विचारही करावा लागला नाही. एद्दु होरगे होगि. त्यांची बायको अंबुबाई मांजराला रोज हेच सांगायची.

रविवारी, आपलं काम कसं दिसतंय ते बघावं म्हणून, पांडुरंगराव गळ्यात टेप तशीच ठेवून चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

साळवे कागदावरून वाचत होते. कानडी शब्द नागरीत लिहिलेले, त्यामुळे मान वर करायची सोय नव्हती. भिंतींचं झालं, बाकांचं झालं. मग त्यांनी आवाज चढवला आणि म्हणाले, "एद्दु होरगे होगि."

लोक एकमेकांकडे बघू लागले. साळवे पुन्हा म्हणाले, या खेपेला टेबलावर मूठ आपटून.

पहिल्या बाकावरचे ज्ञानमित्र मास्तर हळूच उठले. छपराची कौलं सैल झालीयत हे ते पावसाळ्यापासून सांगत होते. त्यांनी एकदा वर बघितलं, बायकोला खूण केली आणि दाराकडे निघाले. त्यांच्यामागे बाक बाक रिकामा होत गेला. बायकांनी पदर सावरले, पोरं काखोटीला मारली, कोणी आवाज केला नाही. पांडुरंगरावांना घाम फुटला. हाक मारावी तर उपदेशाच्या मधे बोलायचं कसं? आणि शेजारी कोणी उरलंच नव्हतं.

साळव्यांनी उरलेला उपदेश शेवटपर्यंत वाचला, आमेन म्हणून मान वर केली. समोर एकटे पांडुरंगराव.

"मंडळी कुठे गेली?"

"बाहेर. तुम्हीच घालवली की, पाळकसाहेब. मी सुम्ने, आपलं काही न बदलता, तुम्ही सांगितलं तसंच घातलं हो."

साळवे झगा सावरत धावले. मंडळी हुणसूर रस्त्यावर होती, आणि छपराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. येलवालला निघालेल्या एका वऱ्हाडाची बस बंद पडली होती. मुहूर्ताची वेळ जवळ आलेली, नवरदेवाची आई रडवेली झालेली. उभंच राहायचंय तर हात लावू, म्हणून मास्तरांनी सगळ्यांना बसच्या मागे लावलं होतं. आराधनेनंतरच्या जेवणाचं चित्रान्न, लिंबू पिळलेला भात, बायकांनी वऱ्हाडातल्या भुकेल्या पोरांना वाटायला घेतलं होतं. नवरदेव स्वतः ढकलायला उतरला आणि त्याचा रेशमी सदरा काखेत टरकन फाटला. पांडुरंगरावांनी कॉलरमागची सुई काढली. "हात वर करा. हलायचं नाही," असं म्हणत रस्त्यातच टाके घातले. साळव्यांनी झगा कमरेला खोचला आणि बसला खांदा दिला.

बस खोकली, थरथरली आणि निघाली. मास्तर घाम पुसत पाळकांजवळ आले आणि कानडीत बरंच काही बोलले. साळव्यांनी पांडुरंगरावांकडे बघितलं.

"ते म्हणतायत, आधी वाटलं छप्पर पडतंय. मग बस दिसली, तेव्हा कळलं तुम्ही काय म्हणत होता ते. एवढा सोपा उपदेश आजवर कोणी केला नाही, म्हणतायत."

साळवे दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. पांडुरंगरावांनी पाणी दिलं आणि अपराध्यासारखे उभे राहिले.

"चुकलं माझं. पुढच्या वेळी कोणी शिकलेला माणूस बघा."

"नगरला मी वर्षानुवर्षं हेच शुद्ध मराठीत सांगत होतो," साळवे म्हणाले. "कोणी बाकावरून हललं नाही." पाणी पिऊन त्यांनी खिशातून कागद काढला. "पुढच्या रविवारी शेजाऱ्यांवर प्रेम करा, हा विषय आहे. तेवढं जरा जपून घाला."